विकत घेतलेला आवाज कोणाचा?

माझे थोरले बंधू आमच्या वाड्यावरच्या आरत्यांचे म्होरके होते. शिरगावात चतुर्थीच्या दिवसांत आरत्यांची फेरी घरोघर फिरते, घुमट, शामेळ आणि कासाळे वाजतात, आणि फेरीत उत्साही तरुण कितीही असले तरी लय कोणातरी एकाच्या हाती असावी लागते. ती त्यांच्या हाती असे. २०१६ साली त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, घरच्या माटोळीखाली दोन मायक्रोफोन मांडून त्या आरत्या संगणकावर ध्वनिमुद्रित केल्या. खोलीत माणसे दाटलेली, उकाडा अतोनात. छतावरचा पंखा चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याची घरघर सबंध ध्वनिमुद्रणात उतरली. ती पुसण्यासाठी पुतण्याने एक प्लगइन विकत घेतले. रीतसर, परदेशी चलनात, कार्डाने पैसे भरून. त्या वेळच्या त्याच्या एका महिन्याच्या मिळकतीतला मोठा वाटा त्यात गेला, आणि त्याबद्दल घरात थोडी बोलणीही झाली.

२०२१ साली बंधू गेले. पुढे पुतण्याचा जुना संगणक बंद पडला, त्याने नवा घेतला. ध्वनिमुद्रणाच्या मूळ फाइली त्याने जपून ठेवल्या होत्या, प्लगइनची फाइल आणि पैसे भरल्याची पावतीसुद्धा. परंतु नव्या यंत्रावर ते प्लगइन चालू होईना. ते बनवणारी कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कोणी विकत घेतली होती, आणि खरेदीदाराला ओळखून परवानगी देणारा त्यांचा संगणक कायमचा बंद करण्यात आला होता. पुतण्याने नव्या मालकांना दोनदा पत्र लिहिले. उत्तर सौजन्याचे आले: ते उत्पादन आता चालवले जात नाही, आमचे नवे घ्यावे, आपल्याला सवलत देऊ. नव्याला जुन्याची मांडणी वाचता येत नव्हती. पूर्वी घाईघाईत काढलेली एक प्रत नातेवाइकांच्या भ्रमणध्वनींवर फिरली होती, पण ती इतकी दाबलेली की घुमटाचा घुमार तिच्यात उरलाच नव्हता. मूळ फाइल उघडली की आधी पंखा ऐकू येई आणि त्याच्या पलीकडे कोठेतरी बंधू.

मग एके दिवशी त्याच्या मित्राने एका पेनड्राइव्हवर त्याच प्लगइनची कुलूप फोडलेली प्रत आणून दिली. सोबत आणखी शंभरेक प्लगइने होती, सगळी तशीच. पुतण्या माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, हे घालू का?"

त्या संध्याकाळी मी उत्तर दिले नाही. प्रश्न सोपा वाटला म्हणून नव्हे, तर उत्तर देण्याचा मला अधिकार आहे काय, ही शंका आली म्हणून. तिच्याविषयी पुढे येईलच.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. संगणकावर संगीत करणाऱ्यापाशी एक मुख्य आज्ञावली असते. आवाज टिपणे, कापणे, एकावर एक रचणे ही कामे ती करते. प्लगइन म्हणजे तिच्यात बसवायचे जोडकाम: एखादे घुमार देते, एखादे कर्कशपणा काढते, एखादे सतार किंवा पियानो बनून वाजते. हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली आपल्या 'क्यूबेस' या आज्ञावलीबरोबर 'व्हीएसटी' नावाची पद्धत आणली आणि तिचे नियम इतरांनाही उपलब्ध करून दिले. १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून वाद्येही याच मार्गाने येऊ लागली. त्यामुळे दोन माणसांची छोटी कंपनीही जगभरच्या संगीतकारांना पुरवठा करू शकली, आणि पूर्वी ज्यासाठी मुंबईचा मोठा स्टुडिओ लागे ते काम डिचोली तालुक्यातल्या एका माडीवर होऊ लागले. पुतण्याच्या प्लगइनला पंखा एकटाच चालू असतानाचे दोन-चार सेकंद ऐकवले की ते घरघरीचा साचा ओळखून उरलेल्या ध्वनीतून तेवढाच भाग वजा करी. बसवण्याचे काम तसे किरकोळ. फाइल ठरलेल्या कप्प्यात गेली पाहिजे, बत्तीस बिटांची फाइल चौसष्ट बिटांच्या आज्ञावलीला चालत नाही, असे काही खाचखळगे आहेत. ते एकदा ठेच लागली की कळतात.

खरी गोष्ट त्यानंतरची. बसवलेले प्लगइन मुके असते, निदान अर्धे मुके. दर काही सेकंदांनी ते मधेच आवाज तोडते किंवा खरखर सोडते. ते बोलके करण्याला 'ॲक्टिव्हेट करणे' म्हणतात. आरंभी त्यासाठी एक क्रमांक पुरत असे, आणि तो क्रमांक मित्रामित्रांत फिरे. मग संगणकाच्या बाजूला खोचायची किल्ली आली. आता बहुतेक ठिकाणी प्लगइन तुमच्या यंत्राची खूण कंपनीच्या दूरच्या संगणकाला कळवते आणि तिकडून होकार आला तरच गाते. म्हणजे वाद्य तुमच्या घरात, हात तुमचा, पैसे तुम्ही मोजलेले, आणि नादाची परवानगी मात्र सातासमुद्रांपलीकडे. ज्याने हे कुलूप लावले त्याची बाजू मला कळते. त्याने रात्री जागून केलेले काम एका क्षणात हजार जणांनी फुकट उचलावे हे कोणाला रुचेल? पण त्या कुलपाने एक जुना शब्द आतून पोखरला. तो शब्द 'विक्री'.

विक्री म्हणजे काय याविषयी आपल्या मनात गोंधळ नव्हता. मिरजेच्या कारागिराकडून कोणी तंबोरा आणला की तो तंबोरा त्याचा झाला. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवणारे निपजले, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याची जवारी बिघडली तर कारागिराकडे जावे लागते हे खरे. परंतु कारागीर वारला म्हणून तंबोरा मुका झाला, असे कोणी ऐकले आहे काय? विकत घेणाऱ्याने तो नातवाला द्यावा, दुसऱ्याला विकावा, माळ्यावर टाकावा. कारागिराचा संबंध मोबदला मिळाला तेथे संपतो. उरतो तो जिव्हाळा, हक्क नव्हे.

प्लगइन विकणारा दुकानात 'विकत घ्या' असे लिहितो, आणि खाली बारीक अक्षरांतील करारात सांगतो की हे विकलेले नसून वापरण्याचा परवाना दिला आहे. मौज अशी की करआकारणीच्या वेळी चित्र पालटते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००४ साली असा निर्णय दिला की बाजारात तयार मिळणारे, तबकडीसारख्या माध्यमावर उतरवलेले सॉफ्टवेअर हा 'माल' होय आणि त्याच्या विक्रीवर विक्रीकर लागतो. सरकारच्या दृष्टीने माल, विकणाऱ्याच्या दृष्टीने परवाना, आणि घेणारा मात्र वाद्य घेतल्याच्या समजुतीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा अमलात आणला की ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते त्याला स्पष्टपणे सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्द वापरता येणार नाही. कायद्याने तेथे फक्त शब्दाला शिस्त लावली, व्यवहाराला नाही. तरी मला ते महत्त्वाचे वाटते. शब्द चुकीचा वापरला की अन्यायाला नावच राहत नाही.

गोव्यातल्या माणसाला हे नाते अपरिचित वाटू नये. घर आपले आणि जमीन दुसऱ्याची, ही स्थिती आपल्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. भाटकाराच्या भाटात त्याच्या संमतीने घर बांधून राहणारा मुंडकार भिंती आपल्या हातांनी उभारी, दारात तुळस लावी, पोराबाळांची लग्ने तेथेच करी. आणि भाटकाराची मर्जी फिरली की त्याला उठावे लागे. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला. त्या कायद्यावरून आपल्याच घराण्यांत किती वैरे झाली हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्यापैकी काही जण त्या वेळी भाटकारांच्या बाजूचे होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. त्या कायद्याच्या तपशिलाविषयी मतभेद असोत, त्यामागचा विचार मला न्याय्य वाटत आला आहे: दीर्घकाळ राहण्यातून एक हक्क निर्माण होतो, आणि संमती देणाऱ्याला ती वाटेल तेव्हा काढून घेण्याची मुभा असता कामा नये. हा विचार परका नाही. याज्ञवल्क्याने वादात जी प्रमाणे मानली त्यांत लिखित आणि साक्षी यांच्या जोडीला भुक्ति आहे. उपभोग हाही पुरावा आहे.

संगणकावरचा संगीतकार हा एक मुंडकार आहे, त्याला संरक्षण देणारा कायदा मात्र नाही. त्याने त्या वाद्यावर वर्षे घालवली, त्याच्या खुंट्या कशा पिळाव्यात हे बोटांना शिकवले, आपली कामे त्याच्या आत रचली. मालकाने दार लावले की नुसते वाद्य जात नाही, त्यात रचलेले कामही आत अडकते.

येथे मी स्वतःलाच एक हरकत घेतली. मालकीचे रूपांतर भाडेपट्ट्यात होणे हे नेहमीच वाईट असते काय? आमच्या शिरगावच्या डोंगरांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पोर्तुगीज अमदानीत खाणींची कन्सेशने दिली गेली; घेणारे ती आपली कायमची ठेव मानत. १९८७च्या कायद्याने ती रद्द होऊन भाडेपट्टे ठरली, तीही १९६१पासून लागू धरून. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या पट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपली होती, आणि २०१८ साली ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले. ज्यांनी कायमचे समजून घेतले त्यांना एके दिवशी कळले की ते मुदतीचे होते. प्लगइनवाल्याच्या दुःखाशी हे दुःख शब्दशः जुळते, आणि तरीही त्या निर्णयांनी मला समाधान वाटले. मग माझा न्याय सोयीचा आहे काय?

विचार केल्यावर फरक असा दिसला. लोहखनिज एकाने उपसले की दुसऱ्यासाठी उरत नाही; खाली खड्डा राहतो आणि विहिरीचे पाणी खाली जाते. जे संपते त्यावर समाजाने मुदत घालावी हे योग्यच. पुतण्याने दहा वर्षे ते प्लगइन वापरले म्हणून त्याच्या निर्मात्याकडचे रतिभरही कमी झाले नाही. तेव्हा मुदतीचे जे समर्थन खाणीला लागू पडते ते येथे लागू पडत नाही. मात्र हेच वाक्य उलटूनही वापरता येते, आणि पुतण्याच्या मित्राने ते लगेच उलटले: "काका, फुकट घेतले तरी त्याचे काय कमी होते?"

हा युक्तिवाद तरुणांत फार प्रिय आहे. त्याला जोड अशी की किमती डॉलरांत किंवा युरोंत, कंपन्या गब्बर, आणि शिरगावचा मुलगा एरवीही काही विकत घेणार नव्हता. मग बुडाले कोणाचे? कंपन्या गब्बर असतात हे अर्धसत्य आहे, कारण पुष्कळ उत्तम प्लगइने एकट्या-दुकट्या माणसाने केलेली असतात. पण मोठ्या कंपनीबाबतही मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी मला माझ्या तरुणपणात जावे लागेल. मघाशी जी शंका म्हटली ती येथली.

आमच्या वाड्यावरच्या उत्सवात आम्ही मराठी नाटके करीत असू. गोव्यात हे सांगण्याची गरज नाही. ज्या गावात नाटक नाही ते गाव आपल्याकडे अपूर्ण मानतात. पुस्तक एकच असे, त्यावरून भूमिका हाताने उतरवून घेतल्या जात. नाटककाराची परवानगी घ्यावी, त्याला मानधन पाठवावे, हे कोणाच्या मनातही येत नसे. पडदे, रंगभूषा, ऑर्गनवाला, दिवेवाला या सगळ्यांचे पैसे चुकते होत. ज्याच्या शब्दांवर हा डोलारा उभा, तो तेवढा हिशेबात नसे. लेखनाधिकाराच्या १९५७च्या कायद्याने हौशी मंडळींना एक सवलत दिली आहे: प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यासाठी प्रयोग केला तर तो अधिकारभंग ठरत नाही. आम्ही एका वर्षी खुर्च्यांना तिकीट लावले आणि उरलेल्या पैशांतून मंडळासाठी पडदे घेतले. देवळाला त्यातले काही गेले नाही. तेव्हाही आम्ही हेच म्हणत होतो: नाटककार मुंबईला, त्याचे प्रयोग तेथे जोरात चाललेले, आपल्या एका प्रयोगाने त्याचे काय कमी होणार? कमी काहीच झाले नसेल. पण आम्ही त्याच्या कष्टावर पडदे घेतले, आणि त्याला एक पोस्टकार्डसुद्धा टाकले नाही. आज त्या पडद्यांची आठवण झाली की मला बरे वाटत नाही. हे वाईट वाटणे नुकसानीच्या हिशेबातून येत नाही. ज्याचे घेतले त्याला आम्ही माणूस म्हणून मोजलेच नाही, त्याचे ते आहे.

पातंजल योगसूत्रांत अस्तेय हा यमांपैकी एक आहे, आणि व्यासभाष्य तेथे एक मार्मिक भर घालते: अविहित मार्गाने दुसऱ्याचे घेणे ही चोरी खरीच, परंतु अस्तेयाचे खरे रूप स्पृहेचा अभाव हे आहे. पेनड्राइव्हवरची ती शंभर प्लगइने पाहताना मला हे आठवले. त्यांतली निम्मी कशासाठी आहेत हेही पुतण्याला ठाऊक नव्हते. गरज नाही, ओळख नाही, फुकट आहे म्हणून हवे. ज्याच्याकडे एकच तंबोरा असतो तो त्याची जवारी ओळखतो. शंभर फुकटची वाद्ये असलेल्याच्या हाती एकही लागत नाही, असे मी अनेक होतकरू मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. फोडलेल्या प्रतींतून संगणकात रोग शिरतो तो वेगळाच. ती शिक्षा बहुधा न्यायालयाच्या आधी होते.

कायदा काय म्हणतो? संगणकीय आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ ब अन्वये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालयाला कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवता येते. कुलूप फोडणाऱ्यासाठी २०१२ साली कलम ६५ अ आले. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते फोडणे अधिकारभंगाच्या हेतूने केलेले असावे अशी अट आहे, आणि या कायद्याने ज्याला मनाई नाही अशा कामासाठी फोडले तर ते कलम आड येत नाही. शिवाय ज्याच्यापाशी आज्ञावली रीतसर आली आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून राखण्यासाठी प्रत करून ठेवण्याची मुभा कायद्यात आहे. म्हणजे कायदा हातोडा पाहून थांबत नाही, हेतूही विचारतो. मला याचे नवल वाटले. नीतिशास्त्राने जो प्रश्न विचारायचा तो दंडविधानाने आधीच विचारून ठेवला होता.

दार लावून निघून जाण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांतूनच विकणाऱ्याचे शील दिसते. स्टाइनबर्गने आपली जुनी किल्लीची व्यवस्था मोडून नवी आणली आणि जुनीची ऑनलाइन सेवा २० मे २०२५ रोजी बंद केली. ज्यांचा परवाना किल्लीत आधीच उतरला होता त्यांचे काम किल्ली शाबूत असेतो चालू राहिले, नव्याने उतरवून घेणे संपले. तारीख आधी जाहीर केली होती, हे त्यांच्या बाजूने म्हणावे लागेल. वेव्ह्ज या इस्राएली कंपनीने मार्च २०२३मध्ये कायमचे परवाने विकणे बंद करून केवळ वर्गणी घेण्याचे ठरवले. गिऱ्हाइकांनी इतका गिल्ला केला की काही दिवसांतच तिला निर्णय फिरवावा लागला. 'केकवॉक' ही जुनी आज्ञावली गिब्सनने नोव्हेंबर २०१७मध्ये थांबवली तेव्हा तिचे हजारो वापरणारे उघड्यावर पडले. पुढच्याच वर्षी बँडलॅबने ती घेऊन सर्वांना विनामूल्य दिली. आणि २०१८ साली 'सर्ज' या वाद्याच्या निर्मात्याने तर त्याची सबंध संहिता जगासमोर मोकळी करून ठेवली. तेव्हापासून अनेक अनोळखी हातांनी ते वाद्य जोपासले, वाढवले, आणि ते आज कोणालाही बसवता येते. परवानगी कोणाची लागत नाही. निर्मात्याचे नाव मात्र त्याच्याशी जोडलेले राहिले. स्वतःला चालवणे शक्य नसेल तेव्हा किल्ली उंबऱ्यावर ठेवून जाणे इतके अवघड नसते, हे यावरून दिसते.

आपल्या संगीतात कुलपे नव्हती असे समजण्याचे कारण नाही. घराण्यांनी चिजा लपवल्या, शिष्यांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले, परक्याच्या कानावर पडू नये म्हणून अस्थाई गायली तर अंतरा गिळला. फोंड्याजवळच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती सावध होत्या, आपली गायकी कोणी उचलून नेईल याची त्यांना किती धास्ती होती, हे संगीताच्या वर्तुळात सर्वश्रुत आहे. मला त्या धास्तीत क्षुद्रपणा दिसत नाही; अल्लादियाखाँसाहेबांकडे उमेदीची वर्षे वेचून जे मिळवले ते तीन मिनिटांच्या तबकडीवरून कोणी चोरावे, हे दुःख खरेच आहे. परंतु त्या सर्व कडेकोट व्यवस्थेतही एक मर्यादा पाळली जाई, किंवा निसर्गच ती पाळायला लावी. गुरूने चीज दिली की ती दिली. शिष्याशी बिनसले, गुरू निवर्तला, घराणे विस्कटले, तरी शिष्याच्या कंठातून ती परत काढून घेण्याचा मार्ग कोणापाशी नव्हता. द्यावे की न द्यावे एवढाच अधिकार देणाऱ्याचा. दिल्यानंतरही आपल्या मुठीत ठेवण्याची सोय यंत्राने प्रथमच करून दिली, आणि सोय आहे म्हणून ती वापरली गेली.

त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली. त्या तबकडीबरोबर वाजवण्याची सुई पाठवली आहे आणि वेष्टनावर ती कशी ठेवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, याच्या आकृत्या कोरल्या आहेत. ती कोणाच्या हाती लागेल, कधी लागेल, याची काहीच शाश्वती नाही. म्हणून पाठवणाऱ्यांनी ऐकणाऱ्याला लागेल ते सगळे सोबत दिले. पृथ्वीवर परवानगी मागायला यावे लागेल अशी तजवीज केलेली नाही. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला की मग आपल्याला आधी अंतराळात जावे लागेल.

चार दिवसांनी मी त्याला उत्तर दिले. जे तू पैसे देऊन घेतलेस आणि विकणाऱ्याने ज्याचे दार लावले, ते उघडण्यात मला चोरी दिसत नाही; विकणाऱ्याने आपला अर्धा व्यवहार मोडला, तुझा अर्धा तू पुरा केला आहेस. ते उघड, आपल्या वडिलांचा आवाज बाहेर काढ, आणि त्यावर दुसऱ्या कोणाचे काम घेऊन पैसे मिळवू नकोस. उरलेली शंभर पुसून टाक. पहिल्या भागाला तो तत्काळ राजी झाला. दुसऱ्यावर कुरकुरला. "काका, ती तरी कोण वापरतोय? पडून राहतील." मी म्हटले, पडूनच राहायची असतील तर पुसायला हरकत काय? पडद्यांची हकिगत मी त्याला त्या दिवशी प्रथम सांगितली. त्यावर तो काही बोलला नाही. पण पेनड्राइव्ह माझ्यासमोर रिकामा केला. मित्राकडे त्या सगळ्याच्या आणखी प्रती असणार, हे मला ठाऊक आहे. माझ्या उत्तरात फटी आहेत, हेही. फोडणारा जो कोणी अनोळखी माणूस, त्याने ते काही माझ्या बंधूंसाठी फोडले नव्हते. त्याच्या उद्योगाचा लाभ आम्ही घेतला आणि त्याला नावे ठेवण्याचा हक्क थोडा गमावला. कंपनीने शेवटच्या दिवशी किल्ली ठेवली असती तर आम्हाला त्याच्या दारात जावे लागले नसते, एवढेच मी त्यावर म्हणू शकतो.

काम एका दुपारचे होते. जुन्या फाइलीत मांडणी जशीच्या तशी होती. प्लगइनने पंख्याचा साचा ओळखला आणि घरघर निघून गेली. पुतण्याने लगेच प्रत्येक आरती साध्या वेव्ह फाइलीत उतरवली, जी कोणत्याही यंत्रावर कोणाला न विचारता वाजते, आणि तीन ठिकाणी ठेवली. आता तो आपल्या सगळ्याच कामांचे असे करतो. प्लगइन लावलेले आणि न लावलेले, दोन्ही.

पहिल्या आरतीच्या आधी काही क्षण नुसती कुजबुज आहे, कोणीतरी घुमटावर बोट मारून पाहते, आणि मग बंधूंचा आवाज येतो: "अरे, तो पंखा जरा कमी करा रे." पंखा आता ऐकूच येत नाही. पुतण्याने विचारले, हे वाक्य कापू का? मी म्हटले, राहू दे.